रोपं आणण्याआधी माती दाखवा

नवरात्र उलटलं की रोपवाटिकांमध्ये गर्दी होते. शेवंती, पिटुनिया, डेलियाची रोपं हौसेनं घरी येतात आणि बरीचशी महिन्याभरात माना टाकतात. दोष रोपांचा क्वचितच असतो. ती कसल्या मातीत लावली, हे पाहिलेलं नसतं.

नव्या बंगल्यांभोवती आणि सोसायट्यांच्या आवारात पुष्कळदा माती थोडी आणि राडारोडाच जास्त. त्यातल्या चुना-सिमेंटमुळे सामू वाढतो आणि मातीत असलेलं लोहही मुळांना घेता येत नाही. मग जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा झाडाला युरिया घालत बसू नये. आधी माती तपासून घ्यावी. आवारात पाच-सहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डे घेऊन कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडावी. सगळी एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावं. नमुना सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरावा. नुकतं खत घातलेली जागा टाळावी.

माती परीक्षण प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र ही दारं फक्त शेतकऱ्यांसाठी, अशा समजुतीनं शहरातली माणसं तिकडे फिरकतच नाहीत. यात बागेचं फार नुकसान होतं. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० मराठीतून विचारता येतं.

मात्र ‘झाड सुकतंय’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. फांदी नीट पाहावी. शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर तो पिठ्या ढेकूण. त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात आणि त्याच्या शत्रुकीटकांना हुसकावतात. सुरुवातीलाच शेंडे छाटून पिशवीत बंद करावेत. ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावी, फडक्यानं गाळावी, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी.

फळझाडांची कलमं शक्यतो कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांतून घ्यावीत: कोकणात दापोली, पुण्यात गणेशखिंडचं फळ संशोधन केंद्र. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथं फुलांचे फोटो काढून परतू नये. कुंडीत काय भरलं, छाटणी कधी केली, हे लावणाऱ्यालाच विचारून वहीत टिपून घ्यावं.