थकलेली उधारी आणि ४५ दिवसांचा कायदा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंमध्ये सरकारी मदतीचा विषय निघाला की बोलणे ताबडतोब कर्जावर येते. मुद्राचे कर्ज कोणाला मिळाले, मौलाना आझाद महामंडळाचे फॉर्म कधी निघणार, बँकेचा मॅनेजर ऐकून घेतो की नाही, यातच तास निघून जातो. कर्जाचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. पण माल देऊन झाला आहे, शिलाई करून झाली आहे आणि त्याचे आपल्याच हक्काचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात अडकले आहेत, ते कसे सोडवावे याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पुष्कळ कारागिरांच्या बाबतीत ही अडकलेली रक्कम त्यांनी मागितलेल्या कर्जापेक्षा मोठी असते. या रकमेसाठी देशात कायदा आहे. त्याची माहिती आज देण्याचा विचार आहे.

रिसोड तालुक्यातील आमचे रिठद आणि आजूबाजूची गावे सोयाबीन आणि तुरीवर चालतात. लग्नसराईचे कापड एप्रिल-मे मध्ये विकले जाते आणि त्याचे पैसे सोयाबीन बाजारात गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात. पीक बुडाले तर त्याच्या पुढच्या वर्षी. गावचा दुकानदार शेतकऱ्याला थांबतो म्हणून तो घाऊक व्यापाऱ्याला थांबवतो. घाऊक व्यापारी मालेगाव-भिवंडीच्या लूमवाल्याला थांबवतो, आणि लूमवाला शेवटी मजुरीवर काम करणाऱ्याला. साखळीच्या शेवटच्या टोकाला जो आहे त्याला थांबवायला कोणी उरत नाही. तोच सर्वात गरीब असतो आणि सर्वांची उधारी प्रत्यक्षात तोच सोसतो.

ही गोष्ट सरकारच्या ध्यानात फार पूर्वी आली होती. १९९३ साली लहान कारखान्यांच्या थकलेल्या पैशांवर व्याज देण्याचा कायदा झाला, परंतु तो बहुतेक कागदावर राहिला. पुढे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ आला आणि २ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल सादर झाला. नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर पोट भरणाऱ्यांचे प्रमाण मुस्लिम समाजात इतरांपेक्षा जास्त आहे आणि बँकेचे कर्ज मात्र त्यांच्यापर्यंत कमी पोहोचते, हे त्या अहवालाने आकड्यांनी दाखवले. अहवालावर आपल्याकडे सभा पुष्कळ झाल्या. शेजारचा कायदा मात्र कोणी उघडून पाहिला नाही.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, त्यामुळे सरकारी मराठीतील ‘उपक्रम’, ‘पुरवठादार’, ‘स्वीकृती’ अशा शब्दांवर आम्हीही अडखळतो. म्हणून कायदा साध्या भाषेत सांगतो.

सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली, तर घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत. ही मुदत लेखी ठरलेली असली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. ९० दिवसांचा करार लिहून घेतला तरी तो या कायद्यापुढे टिकत नाही. मुदत लेखी ठरलीच नसेल तर १५ दिवस. माल खराब आहे अशी तक्रार असेल तर ती घेणाऱ्याने १५ दिवसांच्या आत लेखी केली पाहिजे, नाही तर माल स्वीकारला असे धरले जाते. आठ महिन्यांनी पैसे मागायला गेल्यावर “तुमच्या शिलाईत खोट होती” असे सांगण्याची जी रीत आहे, तिला हे चांगले उत्तर आहे.

मुदत टळली तर व्याज लागते, आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ पद्धतीने. समजा बँक दर ६ टक्के धरला, तर व्याज वर्षाला १८ म्हणजे महिन्याला दीड टक्का झाले. १ लाख रुपयांचे बिल मुदतीनंतर सहा महिने थकले तर व्याज सुमारे ९,३४० रुपये होते. इतके महाग पैसे वापरायला कोणताही शहाणा व्यापारी तयार होणार नाही, हाच त्यामागचा हेतू आहे.

व्याजाबद्दल आपल्या काही बंधूंना संकोच वाटतो, तो आम्ही समजू शकतो. घ्यावे की सोडावे हे ज्याने त्याने जाणकार आलिमांना विचारून ठरवावे. या कायद्यात आधी तडजोडीचा प्रयत्न होतो आणि तडजोडीत व्याज सोडून फक्त मुद्दलावर मिटवण्यास कोणतीही आडकाठी नाही. मुद्दल मागण्यात तर संकोचाचे कारणच नाही.

आता हा कायदा कोणाला लागू आहे ते नीट समजून घ्यावे, कारण गैरसमज इथेच होतो. माल तयार करणारा आणि सेवा देणारा, या दोघांना तो आहे. लूमवाला, रंगाई-छपाईवाला, शिंपी, जरीकाम करणारा, दुसऱ्याच्या कापडावर मजुरीने काम करून देणारा स्वतंत्र कारागीर, हे सर्व त्यात येतात. दुसऱ्याच्या कारखान्यात पगारावर असलेला कामगार येत नाही, त्याच्यासाठी मजुरीचे वेगळे कायदे आहेत. आणि आमच्यासारखा निव्वळ खरेदी-विक्री करणारा व्यापारीही येत नाही. २०१७ मध्ये व्यापाऱ्यांना या नोंदणीतून वगळले होते. संघटनांनी पाठपुरावा केल्यावर २ जुलै २०२१ च्या आदेशाने किरकोळ आणि घाऊक व्यापारी परत आत आले, पण केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रालयाने स्पष्ट खुलासा केला की थकलेल्या पैशांच्या तरतुदीचा फायदा व्यापाऱ्यांना नाही. उद्यमचे प्रमाणपत्र फ्रेम करून गल्ल्यामागे लावलेले दुकानदार आम्ही पाहिले आहेत. त्यांना वाटते की आता आपली उधारी वसूल होईल. तसे नाही.

मात्र ज्यांच्या दुकानात मागे दोन-चार मशीन चालतात, जे कापड विकतात आणि कपडेही शिवून देतात, त्यांनी विशेष लक्ष द्यावे. नोंदणी करताना धंद्याचा कोड विचारतात. ४६ ने सुरू होणारा कोड घाऊक व्यापाराचा, ४७ चा किरकोळ विक्रीचा, १३ चा कापड तयार करण्याचा आणि १४ चा तयार कपड्यांचा. नोंदणी करून देणारा घाईत ४७ टाकून मोकळा होतो आणि शिवणकाम कागदावर येतच नाही. एकाच नोंदणीत अनेक कामे दाखवता येतात. शिवणकाम खरोखर चालत असेल तर तो कोड त्यात असलाच पाहिजे. चालत नसेल तर दाखवू नये, ती लबाडी होईल आणि कागदपत्रे तपासली की उघडी पडेल.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला सरकारी फी अजिबात नाही. आधार आणि पॅन लागते. जीएसटी कायद्याने ज्याला जीएसटीतून सूट आहे त्याची नोंदणी जीएसटी नंबरशिवाय होते. पॅन-जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी २०२३ पासून उद्यम असिस्ट नावाची वेगळी सोय झाली आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्री अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर तो उद्योग सूक्ष्म धरला जातो. म्हणजे आमच्या भागातील जवळजवळ सर्वच कारागीर यात बसतात.

नोंदणी माल देण्यापूर्वी झालेली असावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की आधी पुरवठा आणि मागून नोंदणी केली तर त्या जुन्या पुरवठ्याला कायद्याचा फायदा मिळत नाही. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाच्याच दुसऱ्या एका खंडपीठाने याबद्दल वेगळे मत मांडून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. वकील लोक त्यावर वाद घालत राहतील. नोंदणी फुकट आहे, ती आधी करून ठेवणाऱ्याला या वादाशी कर्तव्यच नाही.

पैसे आले नाहीत तर दाद मागण्यासाठी प्रत्येक राज्यात सुविधा परिषद आहे, जिला फॅसिलिटेशन कौन्सिल म्हणतात. माल घेणारा सुरतचा असो की दिल्लीचा, माल देणारा ज्या राज्यात आहे तिथली परिषद प्रकरण ऐकते. रिठदच्या कारागिराला सुरतच्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. २०१७ मध्ये केंद्राने समाधान पोर्टल सुरू केले, तेव्हापासून अर्ज संगणकावरून करता येतो. परिषद आधी तडजोड घडवते, ती झाली नाही तर लवादाप्रमाणे निवाडा देते. निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचे तर घेणाऱ्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही अट फार मोलाची आहे, कारण नुसते लांबवण्यासाठी अपील करणाऱ्याचे पाय तिथेच अडखळतात. कायद्यात निकालासाठी ९० दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त लागतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण परिषदेपुढे तोंडी बोलणे चालत नाही. ऑर्डरचा कागद, बिल, माल पोहोचल्याची तारीख घालून घेतलेली सही, एवढे तरी हवे. उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवावा हा हुकूम कुरआनमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनमधील सर्वात लांब आयत आहे. तरी आपल्याकडे हजारोंचा व्यवहार सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेला असतो. बिलबुक छापून घ्यावे, त्यावर उद्यम नंबर आणि ‘४५ दिवसांत रक्कम देय’ असे छापावे. व्हॉट्सअपवर आलेली ऑर्डर पुसून टाकू नये.

आमच्याकडे एक कारागीर म्हणाले, “नंबर छापला तर सेठ उद्यापासून काम देणार नाही.” ही भीती खोटी नाही. एकट्याने केले तर तोच निशाण्यावर येतो. म्हणून एका गावातील, एका बाजारातील शिंप्यांनी किंवा लूमवाल्यांनी मिळून एकाच महिन्यापासून तसे बिल सुरू करावे. संघटना म्हणजे नुसता ईद मिलनाचा बॅनर नव्हे, तिचा उपयोग अशा कामाला आहे.

२०२३ च्या अर्थसंकल्पाने या कायद्याला आयकराची जोड दिली. समजा एका घाऊक व्यापाऱ्याने १ फेब्रुवारीला नोंदणीकृत लहान कारखानदाराकडून पाच लाखांचा माल घेतला आणि ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत. तर ते पाच लाख त्या वर्षी त्याला खर्चात दाखवता येत नाहीत, त्यावर कर भरावा लागतो. पैसे देईल त्या वर्षी खर्च मिळतो. ही तरतूद २०२३-२४ या वर्षापासून लागू झाली आणि २०२४ च्या सुरुवातीला कापड बाजारात मोठी खळबळ उडाली. माल परत येऊ लागला, नोंदणी नसलेल्याकडूनच माल घेऊ असे काही खरेदीदार म्हणू लागले. व्यापारी संघटनांनी अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली. सरकारने ती मानली नाही.

आम्ही स्वतः कापडाचे व्यापारी आहोत आणि या नियमाची झळ आम्हालाही बसते. तरी आमचे मत असे की ४५ दिवस रद्द करा ही मागणी चुकीची होती. विणणाऱ्याच्या पैशावर आपली दुकाने चालवण्याची सवय मोडायलाच हवी होती. मागणी करायची तर ती दुसरी करावी. गावच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक पिकावर पैसे देते. त्याला वरून ४५ दिवसांची मुदत आणि खालून सहा महिन्यांची उधारी, यामधला फरक भरून काढायला बँकेने हंगामी भांडवल दिले पाहिजे. प्राधान्य कर्जात व्यापाऱ्याचे नाव २०२१ पासून आहेच. आणि लहान उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना सांगितले आहे. शाखेत गेल्यावर मात्र घराचे कागद मागतात. संघटनेने निवेदन द्यायचे ते या मुद्द्यावर.

सरकार स्वतः गिऱ्हाईक असते तेव्हा काय होते, याचे उदाहरण शाळेच्या गणवेशाचे आहे. वर्षानुवर्षे शाळा व्यवस्थापन समिती एका गणवेशाला ३०० रुपयांप्रमाणे खरेदी करत असे, आणि ते काम पुष्कळदा गावच्या किंवा तालुक्याच्या दुकानदाराला, शिंप्याला मिळे. २०२४-२५ साठी राज्याने कापड एका ठिकाणाहून घेऊन महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरवले. शाळा सुरू झाल्या तरी पुष्कळ ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत. ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये खरेदी पुन्हा शाळा समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. पालक बोलले, शिक्षक बोलले. ज्या शिंप्याचे एका हंगामाचे काम गेले त्याचा आवाज त्या चर्चेत आम्हाला फारसा ऐकू आला नाही. शिंप्यांच्या पोटासाठी कोणी निवेदन दिले असते तर ते वाचायला तरी लागले असते.

गणवेशाची ऑर्डर घेणाऱ्या बंधूंना एवढेच सांगणे की समितीकडून तारीख आणि नग लिहिलेला ऑर्डरचा कागद घ्यावा, गणवेश देताना मुख्याध्यापकांची तारखेसह पोच घ्यावी, आणि उद्यमची नोंदणी त्यापूर्वी, मार्च-एप्रिलमध्येच आटोपावी. अडचण आल्यास वाशिमच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करता येईल. जाताना आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि थकलेल्या बिलांच्या झेरॉक्स सोबत न्याव्यात, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.