फाईल दाबायची, पण किती हातांनी?

"ग्राफिक्स कार्डावर टाकलं की दहापट वेग" हे वाक्य प्रोजेक्टचा विषय ठरवताना होस्टेलवर हमखास ऐकू येतं. डेटा कॉम्प्रेशनच्या बाबतीत ते कितपत खरं आहे, ते आपण बघू.

अडचण कुठे आहे?

मी संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्याचा, म्हणजे कापसाच्या मुलखातला, म्हणून उदाहरण तिकडचंच देतो. कापूस वेचायला पंचवीस बाया लागल्या की प्रत्येकीला आपापली ओळ मिळते, कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. ग्राफिक्स प्रोसेसरला असंच काम मानवतं: हात हजारो, काम सगळ्यांचं सारखं. 2007 मध्ये एनव्हिडियाचं कुडा आलं आणि चित्रांखेरीज इतर कामंही या हातांना देणं सोपं झालं.

कॉम्प्रेशनचं तसं नाही. झिव आणि लेम्पेल यांची 1977 ची पद्धत मागे बघत चालते. मजकूर आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता "इतकं मागे जा, इतकी अक्षरं उचल" एवढंच ती लिहिते. जीझिप त्यावर हफमनची 1952 ची युक्ती चढवतं: वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत. पण संकेतांची लांबी सारखी नसल्यामुळे आधीचं लिहून झाल्याशिवाय पुढचं कुठे लिहायचं हेच कळत नाही.

यावर तोड काय?

फाईलचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र दाबायचा. समजा चार तुकडे दबून 5, 3, 4 आणि 6 केबी झाले. मग ते अनुक्रमे 0, 5, 8 आणि 12 या जागांपासून लिहायचे. ही चढती बेरीजसुद्धा अनेक हातांनी मिळून करता येते.

पण फुकट काही मिळत नाही. दुसऱ्या तुकड्याला पहिल्यातला मजकूर दिसत नाही, म्हणून तोच शब्द पुन्हा पूर्ण लिहावा लागतो. तुकडे जितके लहान, तितके हात जास्त कामाला लागतात, पण फाईल तितकी कमी दबते. शिवाय एनव्हिडियाच्या कार्डात 32 धागे एका गटात चालतात. एकाचा शोध लांबला की बाकीचे खोळंबतात.

आपल्याकडचं उदाहरण

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. प्रत्येकीचे दोन संकेत, सेकंदाला 40 कोटी नमुने आणि नमुना एक बाइटचा धरला, तर सेकंदाला 24 जीबी होतात. एवढं साठवणार कुठे? म्हणून अँटेनांच्या 435 जोड्यांचे गुणाकार करून त्यांची सरासरी ठेवतात. अद्ययावत जीएमआरटीत हे काम ग्राफिक्स प्रोसेसर करतात. याला काटेकोर अर्थाने कॉम्प्रेशन म्हणता येणार नाही, कारण सरासरीतून मूळ नमुने परत मिळत नाहीत. पण प्रत्येक जोडीचा हिशेब स्वतंत्र असतो, म्हणून कार्डाचा पुरेपूर उपयोग होतो.

वेग मोजायचा कसा?

समजा 1 जीबीची फाईल डिस्कवरून वाचायला 10 सेकंद लागतात आणि दाबायला 20. कार्डाने दाबण्याचे 20 चे 2 केले, म्हणजे दहापट वेग. पण एकूण वेळ 30 वरून 12 वर आला, म्हणजे फक्त अडीचपट! त्यात कार्डावर डेटा नेण्या-आणण्याचा वेळ अजून धरलेलाच नाही.

तेव्हा प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी रिपोर्टमध्ये तीन आकडे शेजारी-शेजारी द्यावेत: वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतचा एकूण वेळ, दबलेल्या फाईलचा आकार आणि उलगडायला लागणारा वेळ. उलगडलेली फाईल मुळाशी बाइट-बाइट जुळते का, हेही तपासावं. वेग अडीचपट आला तर अडीचपटच लिहा. एक्स्टर्नलने विचारलं तर त्या आकड्याचा हिशेब तुम्हाला फळ्यावर मांडून दाखवता येईल.