वारा आणि घराचा लाकडी सांगाडा

शहाण्या व मूर्ख मनुष्याच्या दाखल्यात पाऊस, पूर आणि वारा हे तिघेही घरावर आदळतात. परंतु आपण पाया तेवढा लक्षात ठेवतो व वाऱ्यास विसरतो. खानदेशात तर पावसाआधी वाराच येतो. रावेर-यावलाकडे उभ्या केळीचे मळे घटकाभरात आडवे होतात, हे वाचकांनी पाहिलेच आहे.

पूर्वी धाब्याच्या घरास वजनाचा आधार असे. फूटभर जाडीच्या मातीचे ओझे चौरस फुटास सुमारे ४५ किलो भरते. पत्र्याचे अर्धा किलोच्या आसपास. आता धाबे उतरवून त्याच खांबांवर पत्रे घालतात. ओझे गेले हे बरेच झाले; पण दगडावर नुसता टेकलेला खांब आता कशाने स्थिर राहावा?

चार काठ्यांचा चौकोन बांधून कोपऱ्यास ढकलावे, तो कलतो. पाचवी काठी कोनाकोनी बांधताच तो कलेनासा होतो. शाळेतील मुलांस हे अवश्य करून दाखवावे. दोन खांब, वर तुळई व खाली जमीन हा असाच चौकोन होय.

म्हणून बंद भिंतीत कोनाकोनी तिरपे लाकूड बसविणे हा आमच्या मते सर्वांत उत्तम उपाय. लाकडाऐवजी तार घेतल्यास ती फुलीसारखी दुहेरी ओढावी, कारण तार ताण सोसते, दाब सोसत नाही. जेथे दार आहे तेथे खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत आखूड तिरपे टेकू द्यावेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती ढासळून हजारो माणसे दगावली. कित्येक घरांतील खणांचा सांगाडा मात्र उभाच राहिला. पुढे तशी घरे बळकट करण्यासाठी धाब्याची माती कमी करण्याची व असे टेकू ठोकण्याची शिफारस झाली. भूकंप काय, वारा काय, दोघेही घरास आडवेच ढकलतात.

सातपुड्यातील आपले बांधव मेढी जमिनीत पुरतात व कुडाच्या भिंती घालतात. ही रीत हलकी समजू नये. पुरलेला खांब सहजी कलत नाही. दोष एवढाच की, जमिनीलगत त्यास वाळवी लागते. तेथे डांबर फासावे.

टेकू एकाच दिशेस देऊन थांबू नये. लांबीच्या भिंतीस दिले तसे रुंदीच्या भिंतीसही द्यावेत. वारा पत्रा वरही उचलतो. त्यावर धोंडे ठेवण्याची चाल घातक आहे, कारण पत्र्यासह धोंडाही खाली येतो. पत्रे आकड्याच्या बोल्टांनी आवळावेत, आणि खांबाचा पाय लोखंडी पट्टीने पायाशी जखडावा.