कापराची डबी

मुलगा रांगायला लागणार म्हणून मी आधीच कंबर कसली होती. टीपॉयच्या कोपऱ्यांना रबर, खालच्या सॉकेटना झाकणं, बाल्कनीच्या गजांना जाळी. देवघराकडे मात्र माझं लक्षच गेलं नाही. आमचे देव हॉलच्या कोपऱ्यात, जेमतेम वीतभर उंच चौरंगावर.

दिवेलागणीची वेळ. सासूबाईंनी आरती करून कापराची डबी चौरंगावरच ठेवली, मी कुकर लावायला आत गेले. पहिली शिट्टी व्हायच्या आत बाहेर आले, तर आठ महिन्यांचं लेकरू चौरंगाला धरून बसलेलं, डबी उपडी आणि तोंडाला कापराचा भपकारा. ओठाच्या कडेला ओला पांढरा चुरा. जिभेवर दिसत होता तो तुकडा काढला. पोटात किती गेला, कळायला मार्ग नव्हता.

शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या. "पाज गं, उलटीतून निघून जाईल." पेला तोंडाला लावणार एवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. "उलटी काढू नका, काही पाजू नका, डबी घ्या आणि निघा." रिक्षात दहाएक मिनिटांत त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. आकडी. कापूर अंगात फार झपाट्याने भिनतो, एखाद-दोन वड्याही तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतात. आणि आकडीत उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जायची भीती. हे मला नंतर कळलं. त्या रात्री मी त्याच्या छातीवरचा हात काढला नाही. सकाळी तो भुकेने रडला, तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

म्हणून सांगते, कापूर हे विष समजूनच घरात ठेवा. सर्दीला कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवतात, तीही नको. काही गिळलंय अशी शंका आली तरी घरचे उपाय करू नका, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

घरी आल्यावर मी आणि नवरा गुडघ्यांवर आलो आणि अख्खं घर रांगत फिरलो. तुम्हीही फिरा. सोफ्याखाली दोन शेंगदाणे आणि एक टाचणी सापडली. शेंगदाणा, फुटाणा श्वासनलिकेत अडकतो. ओट्याखाली विळी नुसती भिंतीला टेकवलेली, तिच्याशेजारी कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल. पण मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती कपाटाखालच्या चपट्या, बटणासारख्या सेलने. वजनकाट्यातला पडला असावा. तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजतं. रिमोट, खेळणी, दिव्यांच्या माळा, सगळ्यांची झाकणं स्क्रूने बंद करा. न्हाणीतली बादली रिकामी करून पालथी घाला. वीतभर पाण्यातही बाळ बुडतं. चहाचा कप हातात असताना बाळ मांडीवर नको. आणि चाकांचा वॉकर कुणी भेट दिला, तरी वापरू नका. कॅनडात त्याच्या विक्रीवर २००४ पासून बंदी आहे.

सासूबाईंना खूप लागलं होतं. मी त्यांना एक शब्द बोलले नाही; डबी तिथे ठेवलेली मलाही दिसली होती. चौथ्या दिवशी त्यांनीच सुताराला बोलावून देवघर भिंतीवर, छातीच्या उंचीला बसवून घेतलं. पूजा आता उभ्याने होते. कापूर कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलपात असतो, आणि किल्ली त्यांच्याच कमरेला.