बिनतारी हेडफोनची निवड : सोय, सुस्वरता आणि काटकसर

शासकीय कामकाज आणि शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत गेल्या काही वर्षांत ऐकण्याच्या कामाला नवे महत्त्व आले आहे. आढावा बैठका, प्रशिक्षणवर्ग, तज्ज्ञांची व्याख्याने यांपैकी बराच भाग आता दूरदृश्य प्रणालीवर पार पडतो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या मंचाचा लाभ असंख्य शिक्षक घेत आहेत. ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुणही मोबाइलवरून पाठ ऐकतात. एकेकाळी हौसेची वस्तू समजला जाणारा हेडफोन अशा रीतीने कामाचे साधन बनला आहे.

तसे पाहिले तर त्याचा उगमही कामाच्या गरजेतूनच झाला. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटा राज्याच्या नाथानिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन अमेरिकी नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी स्वीकारले. १९७९ मध्ये जपानमध्ये ‘वॉकमन’ आला आणि हलका हेडफोन जगभरच्या तरुणांच्या कानांवर दिसू लागला. पुढे १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत ज्या संशोधनास आरंभ झाला, त्यातून ‘ब्लूटूथ’ हे तंत्र उदयास आले व हेडफोनची तारही गेली. आज एक ते तीन हजार रुपयांच्या मर्यादेत बिनतारी हेडफोनचे शेकडो प्रकार बाजारात मिळतात. निवडीची अडचण निर्माण होते ती नेमकी या विपुलतेमुळेच.

मूळ सूत्र

सोय आणि आवाजाची गुणवत्ता या दोन वेगळ्या बाबी असून मर्यादित पैशात एकीसाठी दुसरीचा त्याग करावा लागतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसली, तर आतील हवा कोंडून राहते व खर्जाचा स्वर भरीव ऐकू येतो. गादी आणि कान यांच्यामध्ये फट राहिली, तर तोच खर्ज निसटून जातो आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पोकळ वाटतो. शिवाय त्याच फटीतून बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि त्यावर मात करण्यासाठी ऐकणारा आवाज वाढवीत जातो. म्हणजेच कानावर नीट बसणारा हेडफोन सोयीचा असतो, सुस्वर लागतो आणि कानाचे रक्षणही करतो. यास्तव परीक्षणाचा आरंभ खोक्यावरील आकड्यांपासून न करता आपल्या कानापासून करणे इष्ट होय.

कानावर बसणे

बिनतारी हेडफोनचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत : संपूर्ण कान झाकणारा, कानावर टेकणारा आणि कानाच्या छिद्रात बसणारा. पहिला सलग दोन-तीन तासांच्या बैठकीस सर्वांत सुखावह असतो. मात्र तो वजनाने अधिक असतो व उन्हाळ्यात कान तापतात. दुसरा हलका असला, तरी कानाची पाळी दाबून धरीत असल्याने तासाभरात दुखू लागण्याचा संभव असतो. तिसरा खिशात मावतो. पण त्यासोबत येणाऱ्या लहान-मोठ्या रबरी टोप्यांपैकी आपल्या कानाला योग्य ती निवडली नाही, तर तो सारखा निसटतो आणि आवाजही पातळ लागतो. दोन्ही कानांना वेगवेगळ्या मापाची टोपी लागणे, ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नव्हे.

दुकानात हेडफोन दोन मिनिटे लावून पाहणे पुरेसे नाही. निदान पंधरा मिनिटे तो कानावर ठेवावा. डोक्यावरील पट्टा टाळूला टोचतो काय, जबड्याजवळ दाब येतो काय, मान हलविल्यावर तो सरकतो काय, हे पाहावे. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासहच चाचणी घ्यावी. कारण चष्म्याच्या काड्यांमुळे गादी उचलली जाते आणि वर सांगितलेली फट नेमकी तेथे पडते. अशांना कडक गादीपेक्षा जाड व मऊ गादी मानवते. दमट हवेत कृत्रिम चामड्याची गादी घामाने लवकर सोलवटते. यामुळे कोकणासारख्या भागात कापडी किंवा बदलता येण्याजोगी गादी अधिक टिकाऊ ठरते.

आवाजाची पारख

आवाज पारखण्यासाठी संगीताचे शास्त्रोक्त ज्ञान लागत नाही. ओळखीचे ध्वनी मात्र लागतात. प्रथम आकाशवाणीचे एखादे वृत्तनिवेदन ऐकावे. निवेदकाचा आवाज स्वाभाविक वाटावा. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे कानाला बोचू नयेत. त्यानंतर तबल्याची साथ असलेले परिचित गाणे लावावे. डग्ग्याचा घुमारा स्पष्ट ऐकू यावा, परंतु त्याखाली गायकाचे शब्द बुडू नयेत. स्वस्त हेडफोनमध्ये खर्ज मुद्दाम फुगविलेला आढळतो. पहिल्या ऐकण्यात तो भारदस्त वाटतो. पण व्याख्यान ऐकताना शब्द अस्पष्ट करतो. ज्यांना मुख्यतः भाषण ऐकावयाचे आहे, त्यांनी हा मोह टाळावा. हे सर्व आवाज मध्यम ठेवून करावे, कारण मोठ्या आवाजात कोणताही हेडफोन चांगला वाटण्याचा संभव असतो.

खोक्यावरील शब्दांचा अर्थ

‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा उल्लेख बहुतेक सर्व खोक्यांवर असतो. मानवी कानाची ही सर्वसाधारण मर्यादा आहे. त्या पट्ट्यातील सर्व स्वर समतोल ऐकू येतील की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्याचप्रमाणे ‘४० मिलिमीटर’ हे आतील कंप पावणाऱ्या भागाचे माप होय. माप मोठे म्हणजे आवाज चांगला, असे समीकरण नाही.

‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’ या दोन शब्दांत तर ग्राहकाची हमखास गल्लत होते. पहिल्यात बाहेरचा गोंगाट टिपून त्याच्या विरुद्ध लहर निर्माण केली जाते, म्हणून ऐकणाऱ्याला शांतता लाभते. या कल्पनेचे एकस्व जर्मन शास्त्रज्ञ पाउल लुएग यांना अमेरिकेत १९३६ मध्येच मिळाले होते. पंखा किंवा एसटीचे इंजिन यांसारखा एकसुरी आवाज या तंत्राने बराच कमी होतो. वर्गातील गलबला तितका कमी होत नाही. ‘ईएनसी’ मात्र आपल्या बोलण्यातील गोंगाट गाळते. तिचा लाभ पलीकडे ऐकणाऱ्याला होतो, आपल्या कानाला नव्हे. खोक्यावर केवळ ‘ईएनसी’ लिहिलेले असताना शांतता मिळेल या अपेक्षेने खरेदी केल्यास निराशा पदरी येते.

गाणे उत्तम ऐकू येणारा हेडफोन बैठकीत मात्र निकृष्ट वाटतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. यात बहुधा हेडफोनचा दोष नसतो. ब्लूटूथच्या रूढ पद्धतीत हेडफोनचा ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, सुरू होताच यंत्रणा संभाषणाच्या मार्गावर जाते आणि ऐकू येणारा आवाज संकुचित होतो. संगणकाच्या मांडणीत बोलण्यासाठी संगणकाचा स्वतःचा माइक निवडला, तर ऐकण्याचा दर्जा कायम राहतो.

टिकाऊपणा आणि खरेदी

बॅटरीचे छापील तास हे मध्यम आवाजावरील असतात. आवाज वाढविला किंवा ‘एएनसी’ चालू ठेवली की ते घटतात. बहुतेक हेडफोनमधील बॅटरी ग्राहकास बदलता येत नाही. म्हणून तार जोडण्याचीही सोय असलेला नमुना मिळाल्यास तो घ्यावा. बॅटरी उतरली असता बैठक अडत नाही व वस्तूचे आयुष्यही वाढते.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या अनिवार्य नोंदणीच्या यादीत बिनतारी हेडफोनचा समावेश आहे. यास्तव खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ या रोमन अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे, याची खात्री करावी. कमाल किरकोळ किंमत, उत्पादक अथवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे तपशीलही पाहावेत. पक्की पावती घ्यावी. हमीचा दावा तिच्यावरच उभा राहतो. विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदविता येते. शाळा किंवा अभ्यासिकेसाठी अनेक संच घ्यावयाचे असल्यास आधी एकच नमुना आणून चार-पाच जणांनी तो आठवडाभर वापरून पाहणे शहाणपणाचे ठरेल. सामाईक वापरासाठी छिद्रात बसणारा प्रकार आरोग्याच्या दृष्टीने टाळावा व कान झाकणाऱ्या संचांची गादी नियमित पुसावी.

श्रवणशक्तीचे रक्षण

या विषयाची खरी गंभीर बाजू पुढेच आहे. आतील कानातील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी ग्रहण करतात, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. बालकांसाठी ही पातळी ७५ डेसिबेल आहे. पातळी ३ डेसिबेलने वाढली की ध्वनिऊर्जा दुप्पट होते व सुरक्षित वेळ निम्मी होते. ८३ डेसिबेलला २० तास, ८६ डेसिबेलला केवळ १० तास, असा हा हिशेब आहे.

व्यवहारात यासाठी एक सोपा नियम पाळता येईल. आवाज यंत्राच्या कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांपुढे नेऊ नये आणि दर तासाला काही मिनिटे कानांना विसावा द्यावा. ऐकून झाल्यावर कानात गुणगुण राहिली किंवा समोरच्याचे बोलणे दबल्यासारखे वाटले, तर ती धोक्याची सूचना समजावी. हा त्रास टिकून राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून देण्याची सोय असल्यास शिक्षकांनी ती पालकांना अवश्य दाखवून द्यावी. रस्त्याने चालताना व वाहन चालविताना हेडफोन काढून ठेवावा, हे वेगळे सांगावयास नकोच.

बाजारातील महागडी वस्तू प्रत्येकाला परवडणार नाही आणि तिची प्रत्येकाला गरजही नाही. कानावर नेमका बसणारा, शब्द स्वच्छ ऐकविणारा आणि कमी आवाजातही समाधान देणारा हेडफोन माफक किमतीत मिळू शकतो. त्यासाठी खरेदीच्या दिवशी थोडा अधिक वेळ काढावा लागेल, एवढेच. हेडफोन बिघडला तर दुसरा आणता येईल. गेलेली श्रवणशक्ती मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.