‘शिकस्त’मधील पार्वतीबाई

ना. सं. इनामदार यांनी ‘शिकस्त’ या कादंबरीच्या केंद्रस्थानी सदाशिवरावभाऊंची तरुण पत्नी पार्वतीबाई ठेवली आहे. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या रणातून भाऊ परतले नाहीत. तरीही पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला (१७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली), तेव्हा त्यांच्या कपाळीचे कुंकू हा राजकारणाचाही विषय झाला. ‘शिकस्त’ म्हणजे फारसीत पराभव, मराठीत पराकाष्ठा. पार्वतीबाईंना दोन्ही अर्थ लागू पडतात. मात्र पेशवेकालीन कादंबरी बहुधा शनिवारवाड्यातच रमली. करमाळ्याचे रावरंभा निंबाळकर निजामाच्या पदरी होते. पेशवे-निजाम संघर्षात अशा घराण्यांतील लेकीसुनांनी काय सोसले असेल, हा विषय कादंबरीकाराला पुण्याबाहेर नेणारा आहे.