मोटारसायकलचे ‘बार’ आणि हवेची झडप

वाहनांच्या धुराचा प्रश्न आता केवळ महानगरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी जाणाऱ्या शिक्षकापासून पंचायत सदस्यापर्यंत बहुतेकांचा प्रवास मोटारसायकलवरून होतो. उतारावर, अथवा वेग कमी करताना, तिच्या सायलेन्सरमधून बार उडू लागले की बहुधा प्रथम कार्ब्युरेटर खोलला जातो. पुष्कळदा दोष तेथे नसतोच. तो हवेच्या दुय्यम झडपेत असतो. (गॅरेजमध्ये हे भारदस्त नाव कोणी घेत नाही. तेथे ती ‘एसएआय व्हॉल्व्ह’ म्हणूनच ओळखली जाते.)

सिलिंडरमध्ये पेट्रोल पूर्णपणे जळत नाही. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू व न जळलेले हायड्रोकार्बन धुराबरोबर बाहेर पडतात. धूर तापलेला असतानाच त्यात ताजी हवा मिसळली, तर त्यांचा बराचसा भाग सायलेन्सरच्या वाटेवरच जळून जातो. काही मोटारगाड्यांत या कामासाठी विजेवर चालणारा पंप असतो आणि इंजिन थंड असताना तो थोडा वेळच चालतो. मोटारसायकलला पंप लागत नाही. धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. दोन धक्क्यांमध्ये क्षणभर जी ओढ निर्माण होते, तिच्यामुळे एअर फिल्टरकडील हवा आत खेचली जाते. पोलादाची पातळ पाती हवेला आत सोडते, धुराला मात्र उलट येऊ देत नाही.

ॲक्सिलरेटर एकदम सोडला असता न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे अधिक जाते. अशा वेळी ताजी हवा मिळाली तर तेथेच भडका उडतो. म्हणून त्या क्षणी हवा बंद करणारा एक रबरी पडदा योजलेला असतो. इंजिनच्या शोषणाकडून आलेली बारीक नळी त्याला ओढून धरते. ही नळी उष्णतेने तडकली, निसटली किंवा पडदा फाटला, की हवा चालूच राहते आणि बार उडतात. नळी तडकलेली असल्यास इंजिनची संथ चालही बिघडते. काही नव्या गाड्यांत हे काम विजेच्या झडपेकडे असते. तेथे जोडणीची तार पाहावी.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. सायलेन्सर इंजिनला जोडला जातो तेथील गॅस्केट फुटले असले तरी बाहेरची हवा आत शिरून असाच आवाज येतो. म्हणून ते आधी पाहावे. नंतर झडपेची जाड नळी एअर फिल्टरकडून काढून इंजिन संथ चालू ठेवावे व तिच्या तोंडाशी बोट धरावे. हलकी ओढ जाणवली तर पाती ठीक आहे. गरम धूर बोटावर आला तर पातीवर काजळी बसली आहे किंवा ती वाकली आहे. पडद्याची परीक्षा हातपंपाने करावी: बारीक नळीतून हवा खेचून धरल्यावर जाड नळीतून फुंकलेली हवा पुढे जाता कामा नये. बारीक नळी तोंडाने ओढण्याची सवय टाळलेली बरी, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते.

दुर्दैवाने, नळीत बोळा किंवा बोल्ट ठोकून ती कायमची बंद करण्याचा उपाय सर्रास केला जातो. बार थांबतात, गिऱ्हाईक समाधानाने जाते, परंतु विषारी वायू मात्र वाढतो. पुढे पीयूसीच्या वेळी आकडा चढला की पेट्रोलचे प्रमाण कमी करून तो खाली आणला जातो. मग इंजिन तापते आणि सकाळी लवकर सुरू होत नाही. २००० नंतरच्या, भारत स्टेज-३ पर्यंतच्या चार-स्ट्रोक दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे. फाटलेल्या पडद्याची गाडी ही परीक्षा सहज पार करते, कारण चाचणी संथ चालीवर होते आणि त्या वेळी हवा चालू असणेच अपेक्षित असते. तेव्हा प्रमाणपत्र हाती असले तरी बार उडत असतील, तर ती बारीक नळी एकदा वाकवून, तिला चीर आहे का, हे अवश्य पाहावे.